वाडीवरून नेलेली माहिती

(सहाय्यक व हितचिंतकांच्या तिमाही सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाचा अहवाल आपल्या हातात आहेच, तो मी वाचून दाखवत नाही. आज कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर, नद्यांवर आणि माणसांवर जे संशोधन होतं, त्याबद्दल बोलायचं आहे. सेवाकार्याशी याचा काय संबंध, असं काहींना वाटेल. थोडं ऐकून घ्या.

गणनेच्या पुस्तकातला 13वा अध्याय आपल्याला माहीत आहे. मोशे बारा माणसं पाठवतो. जमीन सुपीक आहे का, झाडं आहेत का, लोक बळकट की दुबळे, सगळं पाहून या आणि तिथली फळंही आणा, असं त्यांना सांगतो. पदविकेच्या वर्गात हा अध्याय मी विश्वासाचा धडा म्हणून शिकले. वाड्यांवर फिरायला लागल्यावर त्यात मला एक सर्वेक्षण दिसू लागलं. ज्यांच्या देशाचं ते झालं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आपल्या भागात अशी पाहणी जुनी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली चौकच्या बाजूने माथेरानचा डोंगर चढले. पुढे 1871 साली डॉ. जे. वाय. स्मिथ यांचं माथेरानवर पुस्तक निघालं. त्याच्या नावातच माणसं, वनस्पती आणि प्राणी अशी तिन्ही एका ओळीत आहेत. ठाकर आणि कातकरी हे शेकरू नि जांभळीच्या जोडीने अभ्यासाचा विषय झाले.

पण सगळेच अभ्यासक एका मापाने मोजू नयेत. नागपूरचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनी सुवार्तेबरोबर दगड, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या कथा-गीतांचाही अभ्यास केला. 1863 साली प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद 1866 साली छापले गेले, म्हणून ती गीतं वाचली. ती गाऊन दाखवणारा प्रधान मात्र मुखपृष्ठावर नाही.

जीवाश्म म्हटल्यावर इथली मुलं विचारतात, आपल्या डोंगरात सापडतील का? कठीण आहे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. दोन थरांमध्ये कुठे तळं राहिलं असेल तरच काही टिकतं. मुंबईत वरळीला असे बेडूक सापडले, आणि 1847 साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांना शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे मुलांना दाखवायला आहे ती दोन थरांमधली लाल माती. तीही मुलं डोळे विस्फारून बघतात.

नद्यांचं ज्ञान तर कातकरी बायकांकडे आहे. घाटावरच्या धरणांचं पाणी टाटांच्या वीजघरांतून खाली उतरतं. खोपोलीचं वीजघर 1915चं, भिवपुरीचं 1922चं. त्या पाण्यामुळे पाताळगंगा आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहतात. पाणी कधी वाढेल, मासा कुठल्या दगडाआड जाईल, हे नदीत उभ्या राहणाऱ्या बाईला घड्याळाशिवाय कळतं.

आता मन जड करणारी गोष्ट. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले. त्यानंतर विधिमंडळात सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी साहेब ज्या चौकहून डोंगर चढले, त्याच चौकच्या डोक्यावरची ही ठाकरवाडी. या डोंगरांत झिजलेला खडक आणि माती खालच्या घट्ट दगडावर बसलेली असते. पाऊस सतत मुरला की तो सगळा भार सुटतो. शास्त्राला हे ठाऊक आहे. ते वाडीच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणं हे कोणाचं काम? मी हा प्रश्न आपल्यालाही विचारते आहे, फक्त सरकारला नाही.

होऊ शकतं, हेही पाहिलंय. कर्जत तालुक्यात कशेळ्याची ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स आहे. तिथले राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी कातकऱ्यांबरोबर काम केलं. कित्येक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमिनीला भाव आला की कुंपण पडतं. या मंडळींनी वाडीतल्या लोकांबरोबर बसून माहिती गोळा केली आणि गावठाणाच्या हक्कासाठी ती वापरली. 2013 साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही आलं. माहिती गोळा करणारा आणि जिची गरज आहे तो, दोघं एकाच ओसरीवर बसले होते.

आमच्या हातून मात्र उलट झालं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुलं रानभाज्या आणि झाडपाल्याचा अभ्यास करायला आली. मीच त्यांना वाडीवर नेलं. एक कातकरी आजी दोन दिवस त्यांना रानात फिरवत होती. शेवळं, भारंगी, करांदे, तिने सगळं दाखवलं. कुठला कंद कसा उकडून कडूपणा घालवायचा तेही सांगितलं. मुलांनी वह्या भरल्या, फोटो काढले, आजीच्या हातात वडापाव दिला आणि गेली. मी अहवाल मागितला नाही. लक्षातच आलं नाही, हे त्याहून वाईट.

पुढच्या पावसाळ्यात आजी भेटली. म्हणाली, "ताई, त्या पोरांनी माझ्या पाल्याची नावं लिवून नेली, ती कुठं ठेवली?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्पत्तीमध्ये आदाम प्राण्यांना नावं ठेवतो. नावं ठेवण्याचा तो मान या आजीकडे पिढ्यान्पिढ्या आहे, आणि आम्ही तो वडापावावर नेऊ दिला.

आता आम्ही एक नियम केला आहे. पाहुणा अभ्यासक आला की त्याने आधी वाडीच्या बैठकीत कशासाठी आलो ते सांगायचं. परवानगी मिळाली तरच पुढे. सांगणाऱ्याला दिवसाची मजुरी द्यायची आणि लिहिलेलं मराठीत वाडीवर परत आणायचं. दोघेजण ऐकून परत गेले. हरकत नाही.

झेरॉक्स, मजुरी आणि पावसाळ्यापूर्वी उतारावरच्या भेगा पाहायला येणाऱ्या जाणकाराचा प्रवास, एवढ्यासाठी या तिमाहीत आपली मदत हवी आहे. प्रार्थनेतही या वाड्यांची आठवण ठेवा, विशेषतः जुलैच्या रात्री.

त्या कॉलेजला मी पत्र लिहिलं होतं. मोठी जाडजूड फाईल आली, सगळी इंग्रजीत. आमच्या दोन कार्यकर्त्या ती मराठीत उतरवत आहेत. आजीला वाचता येत नाही. तिची नात सातवीत आहे, ती वाचून दाखवील, आणि चुकलेली नावं आजी दुरुस्त करील. पंधरा पानं झाली आहेत.