दारापासून जिन्यापर्यंत

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रौढ वर्गांपुढे केलेले भाषण)

गावातल्या घराला आग लागली तर आपण काय करतो? ओरडतो, पोरांना उचलतो आणि अंगणात येतो. गोठा पेटला तर जनावरांची दावी कापतो. चार पावलांत माणूस आभाळाखाली. हे कुणी शिकवावे लागत नाही.

पण आता आपली मुले राहतात कुठे? शिरूरकडची रांजणगावच्या कारखान्यांत, शिक्रापूरला, वाघोलीला. दौंडची कुरकुंभला, नाहीतर गाडीने पुण्याला, हडपसरला. मजल्यावर मजला. तिथे दाराबाहेर अंगण नाही, लांब बोळ असतो. बोळ संपला की जिना आणि जिना संपला की जमीन. आज या बोळाविषयी बोलायचे आहे.

आपल्या देशात इमारती कशा बांधाव्यात याचा एक ग्रंथ आहे. त्याला राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणतात. ती २०१६ साली सुधारून निघाली. तीत असे आहे, की राहत्या पक्क्या इमारतीत माणसाला जिन्यापर्यंत ३० मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. ३० मीटर म्हणजे सुमारे शंभर फूट. आपल्या चालीने चाळीस पावले. छताला आपोआप पाणी सोडणारे फवारे सगळीकडे असतील, तर ही मर्यादा निम्म्याने वाढते. आणखी एक नियम आहे. बोळाचे एक टोक बंद असेल, म्हणजे पळायला एकच दिशा असेल, तर तो बंद भाग १५ मीटरपेक्षा लांब नसावा. वीस पावले म्हणा.

तुम्ही म्हणाल, चाळीस पावले ती काय! पाण्याला आपण मैल मैल गेलो आहोत. खरे आहे. पण आगीत माणूस बहुधा ज्वाळेने मरत नाही, धुराने मरतो. धूर आधी छताला जातो. छताला लागून बोळभर पसरतो आणि मग खाली उतरू लागतो. दिवे जातात. डोळे उघडत नाहीत. दोनचार श्वासांत डोके गरगरते. अशा वेळी चाळीस पावले फार लांब होतात. म्हणून तर ती मोजायची.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गातली दहाबारा मंडळी घेऊन रांजणगावला गेलो. एका मावशींची लेक तिथे भाड्याच्या खोलीत राहते. इमारत चार मजली, एका रांगेत खोल्या, जिना एकाच टोकाला. शेवटच्या खोलीच्या दारापासून आम्ही पावले मोजली. अडतीस भरली. आम्ही म्हटले, ठीक आहे, चाळीसच्या आत आहे.

मावशी म्हणाल्या, “गुरुजी, आग रात्री लागली तर माझी लेक दारात उभी असेल का? ती तर आत निजलेली असेल.”

मंडळी, आम्ही गप्प झालो. मावशींचे बरोबर होते. अंतर दारापासून मोजायचेच नाही. खोलीतल्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून मोजायचे. पुन्हा मोजले. आठ पावले वाढली. झाली शेहेचाळीस. वर बोळाचे ते टोक बंद. वीसच्या जागी अडतीस!

शिवाय वाटेत काय काय होते? दोन सायकली, चपलांचे कपाट, पाण्याचे पिंप आणि एक भरलेली गॅसची टाकी. उजेडात आम्ही त्यांना वळसा घालून गेलो. अंधारात कोण वळसा घालणार?

मुंबईत परळला क्रिस्टल टॉवर नावाची उंच इमारत आहे. २२ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या बाराव्या मजल्यावर आग लागली. चार माणसे गेली. सोळाव्या मजल्यावर दहा वर्षांची एक मुलगी होती. तिने शाळेत शिकलेले आठवले. सुती कापड ओले करून तिने सगळ्यांना नाकातोंडावर धरायला लावले. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या कापडाने काजळी अडते. विषारी वायू मात्र अडत नाही, म्हणून कापडाच्या भरवशावर दाट धुरात शिरू नये.

मग करावे काय? बोळात धूर विरळ असेल तर वाकून, गरज पडली तर रांगत जिना गाठावा. एका हाताने भिंत धरावी आणि दारे मोजावीत. चौथ्या दारानंतर जिना, असे आधीच पाठ असावे. लिफ्टमध्ये पाऊल टाकू नये. वीज गेली तर ती मध्येच अडकते. निघताना आपले दार ओढून घ्यावे. बंद दार धुराला बराच वेळ थोपवते. बोळ धुराने भरलाच असेल तर मागे फिरावे, दार लावून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबावा, खिडकीशी उभे राहून हाक द्यावी आणि १०१ फिरवावा. काही इमारतींत जिन्यालाही दार असते. वारा यावा म्हणून लोक त्याला वीट लावून ठेवतात. त्याच वाटेने धूर जिन्यात शिरतो. ती वीट काढा.

जिन्याकडे पाटी असते. हिरव्या पाटीवर पळणारा माणूस आणि बाण. ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असेही लिहिलेले असते. रांजणगावला पाटीच नव्हती. मावशींच्या जावयाने सायकली त्याच संध्याकाळी खाली नेल्या. गॅसची टाकी दुसऱ्याची, ती तिथेच राहिली.

दुसऱ्या टोकाला जिना हवा, असा अर्ज आम्ही मालकाला केला. मजकूर वर्गातच तयार झाला. शेहेचाळीस हा आकडा मावशींनी स्वतः लिहिला आणि खाली सही केली, अंगठा नाही. मालक “बघू” म्हणाले आहेत. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.