मुलींची वाट
(महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मास्तर बोलावयास उभा राहिला म्हणजे शाळेचेच काही सांगणार, हे आपण जाणताच. तेथे मी येईनच. पण आधी एका सायकल शर्यतीची हकिकत ऐका.

फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे ही एका दिवसाची शर्यत १८९६ साली सुरू झाली. ओबडधोबड दगडी फरसबंदीमुळे ती फार अवघड समजली जाते. स्त्रियांसाठी ती प्रथम भरली २ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे १२५ वर्षांनी! अंतर ११६.४ किलोमीटर, पावसाने दगड निसरडे झालेले. ब्रिटनची लिझी डाइग्नन, एका मुलीची आई, शेवटचे ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटीच पुढे राहिली. हाताची सालटी निघून सायकलच्या मुठीला रक्त लागले, पण जिंकली तीच. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या पुरुषास बक्षीस ३०,००० युरो, हिला १,५३५. फरकाची रक्कम तिच्या संघाने पदरची घातली.

बायका सव्वाशे वर्षे थांबल्या, त्या अंगी बळ नव्हते म्हणून का? नाही. रस्ता खुला नव्हता, एवढेच. आपल्याकडेही रस्ता मिळाला तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धांत सायकलिंगची सुवर्णपदके मिळविलीच.

आता शाळेकडे येतो. माझी एक विद्यार्थिनी रांदेरहून तापीचा पूल ओलांडून पायी येत असे. गणितात फार हुशार. आठवी झाल्यावर तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पोरीला सायकल घेऊन देऊ का? लोक काय म्हणतील?" मी पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक, पण मला धीर झाला नाही. "तुम्हीच ठरवा," एवढेच बोललो. जूनमध्ये ती शाळेत आली नाही. लोक काहीच म्हणाले नाहीत. जे म्हणावयाचे ते मी गप्प राहून म्हटले होते.

आपला ट्रस्ट मुलींना फी देतो, पुस्तके देतो. माझी नम्र विनंती अशी की, लांबून येणाऱ्या मुलींना सायकली देण्याची तरतूद याच महोत्सवी वर्षात व्हावी. पहिल्या सायकलीची रक्कम मी आज खजिनदारांकडे दिली आहे. तो माझ्या चुकीचा हप्ता समजावा.

सव्वाशे वर्षे थांबण्याइतका वेळ आठवीतल्या मुलीजवळ नसतो.