गप्प झालेल्या यंत्राचीही दखल हवी



तांदुळवाडीचा किल्ला उशाला आणि दातिवरे-एडवणचा किनारा पायथ्याशी असलेल्या या सफाळ्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी आमचा पालघर जिल्हा झाला. एका अंगाला समुद्र, मध्ये बोईसर-तारापूरचे कारखाने, पलीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगर. रुग्ण घरी, डॉक्टर दूर आणि मध्ये बिनतारी जाळे, हा आपल्या परिषदेचा विषय इथे रोजच्या जगण्याचा आहे.

१९४०च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हृदयाची स्पंदने रेडिओवरून पाठवली, तेव्हाचे यंत्र पाठीवर वाहावे लागे. वजन सुमारे ३८ किलो. आज नाडी आणि ऑक्सिजन मोजणारे यंत्र बोटावर बसते. वजनाचा प्रश्न सुटला, भरवशाचा सुटायचा आहे.

भरवसा म्हणजे काय, हे आमच्या सातपाटीच्या कोळी बांधवांना विचारावे. बोटीचा वायरलेस गप्प झाला, तर ‘सगळे ठीकच असेल’ म्हणून किनारा झोपत नाही. रुग्णाच्या यंत्रालाही हाच नियम लावू या. आकडे थांबले, तर पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहता कामा नये. घंटा वाजली पाहिजे. रेंज गेली, तर यंत्राने नोंदी वेळेसकट जपाव्यात आणि रेंज येताच पाठवाव्यात. वीज जाणारच, हे धरून बॅटरी असावी. आणि घंटा वाजल्यावर रुग्णाच्या दारी कोण जाणार, हे आधीच ठरलेले असावे.

हे शेवटचे सर्वांत मोलाचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांना तपासायला आणि उपचार करायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. तिथले जाळे माणसांचे होते. बिनतारी जाळ्याने त्या माणसांचे हात बळकट करावेत.

आपण इथवर आलात, याबद्दल मी ऋणी आहे. यजमान म्हणून एकच मागणे मागतो: आपल्या यंत्राची परीक्षा शहरातल्या प्रयोगशाळेत संपवू नका. ती मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर, भर आषाढात घ्या. तिथे जे टिकेल, त्यावरच आमची माणसे विश्वास ठेवतील.