दोरी सैल असू द्या

माझ्याकडे बुटाची एक नाडी आहे. मुळात पांढरी, आता मैदानाच्या मातीनं तांबूस झालेली. दोन्ही टोकांना गाठी मारून बोटं जातील एवढी कडी केली आहेत. एका कड्यात माझ्या डाव्या हाताची बोटं असतात, दुसऱ्यात एका मुलीच्या उजव्या हाताची. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती जन्मापासून पूर्ण अंध आहे आणि ती धावते. तिच्याबरोबर मी धावते. तीन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी साडेपाचला इथं सांगलीत, एका शाळेच्या मैदानावर.

अशा सोबत्याला खेळाच्या भाषेत गाईड रनर म्हणतात. आम्ही आपलं सोबती म्हणतो.

पहिल्या दिवशी मला कुणी व्याख्यान दिलं नाही. त्या मुलीनंच माझी ओढणी मागून घेतली, माझ्या डोळ्यांवर बांधली आणि म्हणाली, "काकू, आता पळा. मी इथंच उभी आहे, माझ्या आवाजाकडं या." समोर मोकळं मैदान आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन मिनिटांपूर्वीच मी ते बघितलं होतं. तरी सहाव्या-सातव्या पावलाला माझे दोन्ही हात आपोआप पुढं आले आणि पाय थांबले. छातीत धडधडत होतं. त्या मुलीचे हात धावताना पुढं येत नाहीत. ते कमरेशी वाकलेले, मोकळे हलत असतात. त्या मोकळ्या हातांची किंमत मला त्या सकाळी कळली.

मग आम्ही दोरी धरली. मी मनाशी ठरवूनच आले होते की हिला जपायचं. मैदानाचं वळण आलं की मी तिला माझ्याकडं घ्यायची, खडी दिसली की हात खेचायची, आणि तोंडानं "सावकाश, सावकाश" चालूच. दोन फेऱ्या तिनं सोसलं. तिसऱ्या फेरीला थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, ओढू नका ना. तुम्ही ओढलं की मला वाटतं, मी पडायला लागलेय."

त्या दिवसापासून मी दोरी सैल ठेवायला शिकतेय. शिकतेय असंच म्हणते, कारण ते अजून पुरतं जमलेलं नाही.

दोघी नीट धावत असलो की नाडी मध्ये किंचित झोळ खाऊन लोंबकळते. माझा डावा हात आणि तिचा उजवा हात एकाच वेळी पुढं जातात, एकाच वेळी मागं येतात. हात जुळले की पाय जुळतात. आपण शाळेत तीन पायांची शर्यत खेळायचो ना, अगदी तसं; फक्त पाय बांधलेले नसतात. आतल्या बाजूचे दोन पाय मिळून एक होतात. तिचं पाऊल माझ्यापेक्षा लहान आहे, म्हणून पाऊल मीच आखूड टाकायचं. तिनं लांब टाकायचं नाही. बोलायचं तेही मोजकं. "डावं वळण, तीन, दोन, एक." "पुढं ओलं." "चढ." "वळण संपलं." माणूस समोर आला तर "उजवीकडं एक पाऊल." "अगं बाई, जपून!" हे कधीच म्हणायचं नाही. त्यातून तिला काय कळणार? नुसती भीती कळणार.

हे काही आमच्या मैदानावरचंच शहाणपण नाही. मोठ्या स्पर्धांचे नियमही याच बाजूचे आहेत. पूर्ण अंध धावपटूंचा गट टी-११. त्यात सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे कुणाला प्रकाशाची तिरीपही जास्त मिळू नये. सोबत्यानं खेळाडूला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. अंतिम रेषा खेळाडूनं आधी ओलांडायची, सोबत्यानं त्याच्या मागून. सोबत्याची छाती पुढं गेली तर दोघंही बाद. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आपल्या सिमरन शर्मानं थोडी दृष्टी असलेल्यांच्या टी-१२ गटात २०० मीटरचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तिच्याशी दोरीनं जोडलेला अभय सिंह धावत होता. पदक त्यालाही मिळालं. आमच्या मैदानावरच्या पोरांनी ती शर्यत मोबाइलवर लावली होती. मुलं समालोचन ऐकत होती आणि आम्ही डोळस माणसं त्या दोघांचे हात बघत होतो.

त्याच पॅरिसमध्ये मॅरेथॉनला एक प्रसंग घडला. तो मला अजून सोडत नाही. स्पेनची एलेना कोंगोस्त तिसऱ्या क्रमांकावर होती. अंतिम रेषा काही पावलांवर आलेली, आणि तिच्या सोबत्याच्या पायात गोळे आले. तो कोसळायला लागला. एलेनानं त्याला सावरायला हात दिला आणि त्या एका क्षणात तिच्या हातून दोरी सुटली. शर्यत संपेपर्यंत दोरी सोडायची नाही, हा नियम. तिला बाद ठरवलं आणि कांस्यपदक मागून आलेल्या जपानी धावपटूला दिलं. नियमाच्या बाजूनं बोलणारे बोलले, विरोधात बोलणारेही बोलले. मला त्यात दिसलं ते असं की ४२ किलोमीटर ज्यानं वाट सांगितली, त्याला शेवटी त्या बाईनं धरलं. दोरीच्या कुठल्या टोकाला मदत करणारा आणि कुठल्या टोकाला मदत घेणारा, हे आपण फार सहज ठरवून टाकतो.

दुसऱ्या खेळांतले सोबतीही मी बघितले. जलतरणात अंध पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो, काठीच्या टोकाला मऊ बोंडूक. पोहणारा भिंतीजवळ आला की त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टपली मारायची, एकदाच आणि नेमकी. लवकर मारली तर तो भिंत येण्याआधीच वळेल. उशिरा मारली तर डोकं किंवा हात थेट भिंतीवर. त्या माणसाची सगळी मदत त्या एका टपलीत असते.

आणि बोचिया. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचा आणि ज्यांच्या हातापायांत फारच थोडी ताकद आहे अशांचा हा खेळ. एक पांढरा चेंडू, आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपले लाल किंवा निळे सहा चेंडू न्यायचे. ज्यांना हातानं चेंडू टाकताच येत नाही, ते उतरत्या पन्हळीवरून तो सोडतात. कुणी डोक्याला बांधलेल्या दांडीनं, कुणी तोंडात धरलेल्या दांडीनं. पन्हळ हलवायला एक मदतनीस असतो. त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एका स्पर्धेत मी अशी एक आई पाहिली. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. तो डोळ्यांनी खुणावायचा, ती पन्हळ बोटभर डावीकडं सरकवायची. तो मान हलवायचा, ती परत केसभर उजवीकडं घ्यायची. मग चेंडू घरंगळत जायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे किंवा हळहळायचे. ती माउली मात्र मुलाच्या चेहऱ्याकडं बघत बसलेली असायची. चेंडू कुठं गेला हे तिला त्या चेहऱ्यावरून कळायचं. ज्या लेकराचा घासही चौदा वर्षं तिनं भरवला, त्याच्या खेळात तिनं पाठ करून बसायचं. हा नियम ज्यानं कुणी केला, त्याला खेळ म्हणजे काय ते कळलं होतं.

या सगळ्याची सुरुवात एका इस्पितळात झाली. इंग्लंडमधलं स्टोक मँडेव्हिल, १९४८ साल, २९ जुलै. लंडनला ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं आणि त्याच दिवशी डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सोळा सैनिकांची, त्यात दोन स्त्रिया, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्या लोकांना बिछान्यावर निजवून ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती. गुटमननी त्यांच्या हातात धनुष्य दिलं. १९६० साली रोममध्ये त्यातूनच पहिलं पॅरालिम्पिक भरलं. आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं ते आपल्या जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षं मोजून बघा. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्यपदक मिळवलं, तेव्हा मात्र आमच्या मैदानावर त्याच संध्याकाळी पेढे आले. एवढं अंतर आपण तोडलं, ही खरंच आनंदाची गोष्ट.

पेढे आले, पण सोबती आले नाहीत. म्हणून आज मी इथं बोलायला बसले आहे.

आमच्याकडं रविवारी नऊ मुलंमुली येतात. सोबती चार, कधी तीन. राहिलेले बसतात. अंध मुलाला धावायची हौस आहे, बूट आहेत, दमही आहे. नाडीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही, म्हणून तो पारावर बसून राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी स्वतंत्र कलम आहे, कलम ३०. सरकारनं काय काय करावं ते त्यात लिहिलंय आणि ते व्हायलाच हवं. पण साडेपाचला मैदानावर यायला माणूसच लागतो.

एका रविवारी माझ्या घरी पाहुणे होते. रात्री उशीर झाला, सकाळी उठवलं नाही, आणि फोन करायचंही राहिलं. आठला मी फोन केला तर माझ्याबरोबर धावणारी ती मुलगी म्हणाली, "असू दे काकू, मी आत्ताच निघाले." म्हणजे अडीच तास ती बूट घालून बसली होती. पहाटे चारला उठून, दोन बस बदलून ती येते. ती रागावली नाही. तिला याची सवय होती, हेच मला जास्त लागलं. दया घेऊन येणारी माणसं तिला आयुष्यभर भेटली आहेत. फोटो काढून, फळं वाटून गेलेली. पुढच्या रविवारी येतो म्हणून खरंच आलेली फार थोडी. त्यानंतर माझा रविवार चुकला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी कळवून.

नव्या सोबत्याला मी आणखी एक गोष्ट सांगते. तिच्याबद्दल तिच्यादेखत मला विचारू नका. "हिला पाणी हवंय का?" असं लोक मला विचारतात. तिला विचारा की. ती शेजारीच उभी आहे, तिला ऐकू येतं, बोलता येतं. एका शर्यतीत संयोजकांनी तिला मंचावर बसवलं, हार घातला, चार शब्द बोलायला लावलं. मात्र शर्यत सुरू होताना म्हणाले, गर्दीत नको, तुम्ही कडेकडेनं चाला. तिनं हार काढून माझ्या हातात दिला, नाडी बोटात अडकवली आणि म्हणाली, "चला काकू, मधूनच." आम्ही मधूनच धावलो. कुणाला धक्का लागला नाही.

कडेकडेनं चाला न म्हणणारी माणसंही आहेत. मुंबईला दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी कितीतरी वर्षं अंध मुलामुलींना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोरीच्या मल्लखांबावरच्या मुली पाहताना कळतं की वाट हातापायांनीच शोधायची असते. शिकवणाऱ्यानं एकदा पकड दाखवायची आणि बाजूला व्हायचं. अशी माणसं आपल्याकडं झाली आहेत, आहेत. गावोगाव हवी आहेत.

आता माझी नड सांगते. ही मुलगी गेल्या वर्षात वेगानं सुधारली. सोबत्याचा दम नेहमी खेळाडूपेक्षा जास्त असावा लागतो, कारण त्याला धावता धावता बोलायचं असतं. परवा पाच किलोमीटरच्या शेवटी मला "वळण" म्हणायला श्वास पुरला नाही आणि ती सरळ गवतात गेली. पडली नाही, पण तिला माझ्यामुळं वेग कमी करावा लागतोय, हे दोघींना कळलं. ती बोलली नाही. मीच बोलले. तिला दहा किलोमीटर धावायचं आहे आणि त्यासाठी तिला माझ्याहून तरुण, माझ्याहून दमदार जोडीदार हवा. मी सावकाश धावणाऱ्या एका नव्या मुलाबरोबर धावेन; तो अकरा वर्षांचा आहे आणि दोरी फार घट्ट धरतो.

तुमच्यापैकी कुणी रोज सकाळी धावत असेल, तर त्यातला आठवड्याचा एक दिवस आम्हाला द्या. महिन्यातून एकदा नको, दर आठवड्याला द्या; मुलांना त्याच माणसाचं पाऊल ओळखीचं व्हावं लागतं. पहिल्या दिवशी डोळे बांधून पळावं लागेल. नाडी मी आणीन. येताना नखं कापून या, दोरीवर बोटं शेजारी असतात आणि ओरखडे येतात. साडेपाच म्हणजे साडेपाचच. पाच वाजून वीस मिनिटांनी ती मुलगी फाटकाशी उभी असते. तुमची चाहूल लागली की तीच विचारेल, "कोण आहे?" तेव्हा आधी तुमचं नाव सांगा.