किती झालं आणि किती उरलं



धानाचा चुरणा आटोपला की गावात एकच विचारणा सुरू होते. "भाऊ, एकरी किती झालं?" कोणी अठरा क्विंटल सांगतो, कोणी वीस. ज्याचा आकडा मोठा तो शहाणा शेतकरी, ज्याचा लहान तो मान खाली घालून बिडी पेटवतो. "किती उरलं?" असं मात्र कोणी कोणाला विचारत नाही. आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं आहे.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? बी.एस्सी. झाल्यावर मी या कामाला लागलो तेव्हा माझंही मोजमाप तेच होतं. माझ्या भागातल्या एका शेतकरी भाऊंना मी पीकस्पर्धेत उतरवलं. माणूस कष्टाळू, बांधी तळ्याखालची, पाण्याची चिंता नाही. मी सांगत गेलो, ते करत गेले. कृषी केंद्रवाल्यानं आणखी दोन बाटल्या सांगितल्या, त्याही त्यांनी आणल्या. धान असं आलं की रस्त्यानं जाणारा थांबून पाहायचा. पहिला नंबर आला, ढाल मिळाली, हार घातले. फोटोत मीही त्यांच्या शेजारी छाती काढून उभा आहे.

पुढच्या मे महिन्यात यंदाही भाग घ्या म्हणून सांगायला गेलो. ओसरीवर बसवलं, चहा दिला, पण भाऊ काही बोलेनात. शेवटी वहिनीच आतून म्हणाल्या, "साहेब, ढाल भिंतीवर आहे. पण गोठा रिकामा झाला, तोही बघून जा." कृषी केंद्राची उधारी फेडायला बैलजोडी विकली होती.

त्या दिवशी मी तिथंच बसलो. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पावत्या काढल्या. बियाणं, चिखलणीचा ट्रॅक्टर, रोवणीची मजुरी, खत, औषधं, कापणी, मळणीयंत्राचं भाडं. तो हिशेब तुम्हाला आकडे सोपे करून सांगतो.

समजा, एकरी २० क्विंटल धान झालं आणि खर्च ३८,००० रुपये. म्हणजे एका क्विंटलला १,९०० रुपये लागले. त्यांच्या धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याला झालं १५ क्विंटल, खर्च २२,०००. त्याचं क्विंटल पडलं साधारण १,४७० रुपयांना. २०२४-२५ च्या खरिपात साध्या धानाचा हमीभाव २,३०० रुपये होता. त्या भावानं पहिल्याला उरले ८,०००, दुसऱ्याला १२,५००. आता पैशाची नड आहे, केंद्रावर नंबर लागत नाही, म्हणून व्यापाऱ्याला १,८०० नं धान घातलं असं धरा. पहिला २,००० रुपयांनी बुडाला. दुसऱ्याच्या हाती तरीही ५,००० राहिले. आणि ढाल कोणाला मिळाली? बुडालेल्याला.

याचा अर्थ कमी पिकवा असा घेऊ नका. पीक वाढलंच पाहिजे. पण शेवटचे दोन-तीन क्विंटल वाढवायला किती पैसे घातले, ते पाहा. त्या भाऊंच्या बांधीत युरिया जास्त झाला होता, आणि त्यात माझाही हात होता. युरिया जास्त झाला की धान हिरवंगार, लुसलुशीत होतं. तेच करप्याला आणि तुडतुड्याला आवडतं. मग फवारणी वाढते, वरून पीक लोळतं, कापणीची मजुरी वाढते. म्हणजे खताला एकदा पैसा दिला आणि त्या खतानं आणलेल्या रोगाला पुन्हा दिला. नत्राचा अर्धा हप्ता रोवणीच्या वेळी, उरलेला दोन वेळा, फुटवे येताना आणि लोंबी धरायच्या सुमाराला. एकूण किती द्यायचं ते मातीपरीक्षण करून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांकडे पाहून नव्हे.

आणखी एक. हिशेबात आपण घरच्यांची मजुरी धरत नाही. घरची बाई पऱ्हे काढते, रोवणी करते, निंदणाला वाकते, आणि वहीत तिच्या नावाला शून्य. दुसरीकडे गेली असती तर रोज मिळालाच असता ना? तो धरा. धरल्यावर कित्येकांचा नफा नाहीसा होईल. होऊ द्या, खरं काय ते तरी कळेल.

आता कोणी म्हणेल, साहेब, सगळं पैशातच मोजायचं का? नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, आपलं धानपट्ट्यातलं. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे तुमच्यापैकी कित्येकांना ऐकून माहीत असतील. शाळा तिसरीपर्यंत, जमीन थोडी. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना पिवळसर दाण्याच्या ३ लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण काय केलं असतं? विळा चालवला असता. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध पेरल्या आणि रानडुकरांपासून राखायला भोवती काट्या लावल्या. असं वर्षानुवर्षं केलं. त्यातून बारीक, खायला चांगला तांदूळ निघाला. त्या काळी एचएमटी घड्याळाचा बोलबाला होता, तेच नाव धानाला पडलं. पुढं १९९८ मध्ये कृषी विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केलं. दादाजींनी नांदेड-९२, नांदेड हिरा, डीआरके अशी आणखीही वाणं काढली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

त्यांचं धान दूरदूर पिकलं, पण घरी श्रीमंती आली नाही. हे मला गोड वाटत नाही आणि गोड करून सांगणारही नाही. अशा माणसाला पैसाही मिळायला हवा होता. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतः काढलेल्या वाणाची आपल्या नावानं नोंदणी करता येते. तुमच्या बांधीत काही वेगळं दिसलं तर बियाणं वाटत सुटण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. पण दादाजींचं काम वाया गेलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. या भागात एचएमटीचा भात ज्यांच्या घरी शिजला, तेही म्हणणार नाहीत.

दादाजींसारखी नजर सगळ्यांना असेल असं नाही, पण थोडी तरी ठेवता येते. सुधारित वाणाचं, संकरित नव्हे, बियाणं घरचं ठेवत असाल तर कापणीआधी बांधीत फिरा, भेसळीची झाडं उपटून टाका. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणं टाका, वर तरंगेल ते पोचट काढून फेका. तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.

राहिली ती वही. शंभर पानी पुरे. डाव्या पानावर गेलेला पैसा, उजव्या पानावर आलेला. लिहायचं त्याच दिवशी, रात्री जेवणाआधी, कारण जेवल्यावर झोप येते. स्वतःला वेळ नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा, ती आपल्यापेक्षा नीट लिहिते. उधारीवर आणलेली पिशवीसुद्धा आणली त्याच दिवशी लिहा, फेडाल त्या दिवशी नव्हे. हंगामाच्या शेवटी एकूण खर्चाला झालेल्या क्विंटलनी भागा. तो आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

त्या ढालवाल्या भाऊंची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. बैल अजून आले नाहीत. एक गोऱ्हा घेतला आहे, दुसरा पोळ्याच्या आधी घेऊ म्हणतात. यंदा एकरी १६ क्विंटल झालं. गावात त्याची चर्चा झाली नाही. वहिनींनी मात्र चहा देताना वहीच पुढं केली.