पांढऱ्या माशीचा हिशेब



२०२३ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणि विदर्भात इतरत्र सोयाबीनची हिरवी वावरे बघता बघता पिवळी पडली. शेंगा पोचट राहिल्या. कुठे जोडीला मूळकूजही होती. पण पिवळ्या मोझॅकने जो खर्च करायला लावला, त्याचा हिशेब आज मांडू.

हा रोग विषाणूचा. तो पांढरी माशी पसरवते. हीच माशी आपल्या पऱ्हाटीवरही रस शोषते. रोग लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. फवारणी मरते माशीवर, रोगावर नाही. म्हणजे पान पिवळे झाल्यावर त्या झाडासाठी उचललेला पंप वाया गेला.

आता आकडा धरू. औषध आणि मजुरी मिळून एकरी एका फवारणीला ९०० रुपये. तीन फवारण्यांचे झाले २७००. २०२३-२४ चा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४६०० रुपये. म्हणजे एकरी जवळपास ६० किलो सोयाबीन नुसते फवारणीत गेले. फवारून ६० किलोपेक्षा कमी वाचले, तर पीक वाचवता वाचवता आपणच बुडालो. आणि २०२४ मध्ये बाजारात बरेच दिवस हमीभावही मिळाला नाही! तुमचा आकडा वेगळा असेल. रीत हीच.

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा किती औषध किती पाण्यात, हे पाठ केले. त्या पंपाचे किती किलो धान्य होते, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ती चूक आमची.

खर्च पैशातच मोजून भागत नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली. शेकडो दवाखान्यात पडली. तो खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

मग करायचे काय? पहिले पिवळे झाड दिसताच उपटून गाडा. पिवळे चिकट सापळे लावा. माशी कमी असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. युरिया बेताने टाका. दोन-तीन औषधांचे मिश्रण करू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या वारंवार फवारणीने पांढरी माशी उलट वाढते. कपाशीभोवती ज्वारीचे दोन तास पेरा. माशीला आड होते, ढोरांना कडबा होतो.

आणि घरात एक वही ठेवा. औषध, मजुरी, घरच्यांचे राबणे, सगळे तारखेनिशी लिहा. कृषी केंद्राची पावती घेतल्याशिवाय डबा उचलू नका. हमीभाव ठरवताना सरकार आपला खर्च सरासरीने धरते. ती सरासरी खोटी आहे म्हणायचे, तर आपल्या हातात वही पाहिजे. पुढच्या बैठकीला भाषण नको, वह्या आणा.