जागा घेणं, जागा देणं

(गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या सप्रात्यक्षिक भाषणाचा मजकूर. जिथे वाजवून दाखवलं, तिथे कंसात तसं लिहिलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जॅझ पियानो : एक परिचय' असं छापलं आहे. तेवढं मोठं काम माझं नाही. आरतीला पेटी वाजवणारा मी माणूस. पन्नाशी उलटल्यावर जॅझ पियानोतली एकच गोष्ट शिकायला घेतली, तिला कॉम्पिंग म्हणतात. आज तेवढ्याचबद्दल बोलणार आहे.

साथ करणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं हे तोडकं रूप. ट्रम्पेटवाला किंवा सॅक्सोफोनवाला आपल्या मनाने वाजवत असतो, तेव्हा मागे पियानोवाला कॉर्ड टाकत राहतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन-चार स्वर. कागदावर फक्त कॉर्डची नावं असतात. त्यातले कुठले स्वर घ्यायचे, कुठल्या मात्रेवर टाकायचे, किती वेळ धरायचे, की टाकायचेच नाहीत, हे त्या क्षणी पियानोवाल्याने ठरवायचं.

आपल्या पेटीवाल्याला हे फार विचित्र वाटतं. आपली साथ म्हणजे गायकाच्या पाठोपाठ जायचं. भीमसेनजींच्या मागे आप्पा जळगावकर आठवा. गायकाने तान घेतली की तिचं शेपूट पकडायचं, तो श्वासाला थांबला की सूर भरून धरायचा. भरून काढणं हाच आपला धर्म. जॅझमध्ये पियानोवाल्याने सोलोवाल्याची चाल धरायचीच नाही. त्याने पायाखाली जमीन द्यायची, आणि तीही सलग नाही, तुकड्यातुकड्याने.

मी पहिले सहा महिने पुस्तकावरून शिकलो. कॉर्डचे तक्ते पाठ केले. मग आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी, टेनर सॅक्सोफोन वाजवतात, त्यांच्या घरी रविवारी जाऊ लागलो. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. मी प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर, दोन्ही हातांनी, कॉर्डचे असतील नसतील तेवढे स्वर दाबत होतो. बार म्हणजे चार मात्रांचा खंड. तीन रविवार दादांनी सोसलं. चौथ्या रविवारी सॅक्सोफोन मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "एकटू जायगा दाओ, भाई." थोडी जागा दे रे बाबा.

घरी येताना ट्राममध्ये तो शब्द डोक्यात घोळत होता. मराठीत गाण्यातल्या 'जागे'ला आणखी एक अर्थ आहे. 'काय जागा घेतली बुवांनी!' असं आपण म्हणतो, ते त्या दोन-चार स्वरांच्या नेमक्या हरकतीला. दादांना माझ्याकडून एका अर्थाची जागा हवी होती, आणि ती द्यायला शिकण्यासाठी त्यांनी मला दुसऱ्या अर्थाच्या जागा दिल्या. पुस्तक बंद कर म्हणाले. एक रेकॉर्ड घे, त्यातले दोन बार घे, आणि आठवडाभर तेवढंच ऐक.

हा काही त्यांनी शोधलेला उपाय नाही. न्यूयॉर्कमध्ये लेनी ट्रिस्टानो नावाचे अंध पियानोवादक शिकवत असत. ते शिष्यांना आधी मोठ्या वादकांचे सोलो रेकॉर्डवरून तोंडाने गायला लावायचे, वाद्याला हात नंतर. आपल्याकडे गुरूसमोर बसून घ्यायची तालीम हीच की, फक्त गुरू तबकडीत. तबकडी ३३च्या गतीऐवजी १६वर लावली की चाल निम्मी व्हायची आणि सूर बरोबर एक सप्तक खाली यायचा, म्हणून जुनी मंडळी ती युक्ती वापरत. आता कॉम्प्युटरवर फुकट मिळणारा प्रोग्रॅम सूर तोच ठेवून गती कमी करतो. शिकणं सोपं झालंय, चुकीला सबब मात्र उरलेली नाही.

माझी पहिली जागा होती फक्त दोन कॉर्डची. माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी, तिच्यातलं पहिलं वादन 'सो व्हॉट'. पियानोवर बिल एव्हान्स. बास एक वाक्य बोलतो आणि पियानो दोन कॉर्डमध्ये उत्तर देतो. पुढे तेच उत्तर ट्रम्पेट-सॅक्सोफोनही देतात. तुम्हाला सरगममध्ये सांगतो. सा कुठलाही धरा, थाट आपला काफी. पहिल्या कॉर्डमध्ये खालून वर रे, प, तार सा, म, ध. दुसरी कॉर्ड म्हणजे तोच आकार एक पूर्ण स्वर खाली सरकवलेला : सा, म, कोमल नी, कोमल ग, प. (कीबोर्डवर वाजवून दाखवलं.) पहिली समेवर, दीड मात्रा लांबवलेली. दुसरी दुसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर, पटकन तोडलेली. आणि मग गप्प.

हे स्वर मला एका संध्याकाळी सापडले. ते 'मग गप्प' सापडायला तीन आठवडे लागले. माझा हात उचललाच जात नव्हता. पेटीवाल्याचा हात हो, भात्यात हवा आहे तोवर सूर सोडायची सवय नाही.

दुसरी जागा त्याच तबकडीतली, 'फ्रेडी फ्रीलोडर'. २ मार्च १९५९ रोजी ध्वनिमुद्रित झालेलं हे वादन. एव्हान्सऐवजी या एकाच वादनाला पियानोवर विन्टन केली आहे. बारा बारचं आवर्तन, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, पट्टी काळी पाच. चार बार 'सा'ची कॉर्ड, मग दोन बार 'म'ची, पुन्हा 'सा', पुढे 'प'वरून खाली. आणि शेवटी घरी परतायच्या ऐवजी कोमल नीच्या कॉर्डवर रेंगाळणं.

त्या पिढीच्या पियानोवाल्यांची एक पद्धत इथे सांगायलाच हवी. 'सा'च्या कॉर्डमध्ये ते डाव्या हाताने 'सा' वाजवतच नाहीत! घेतात मंद्र कोमल नी, रे, ग, ध. सा बासवाल्याकडे असतो, आपल्याकडे तो तानपुऱ्याकडे असतो तसा. आता 'म'च्या कॉर्डवर जायचं तर उडी मारायला नको. नी सरकून ध होतो, रे जागच्या जागी राहतो, शुद्ध ग कोमल होतो, ध उतरून प होतो. (सावकाश तीनदा वाजवलं.) हात जवळजवळ हललाच नाही आणि सगळी खोली दुसऱ्या रंगाची झाली. पुस्तकातल्या तक्त्यात हे दोन चौकोन शेजारी शेजारी छापलेले होते. मी ते सहा महिने पाहत होतो, पण एकातून दुसऱ्यात कसं जायचं ते कानाने ऐकेपर्यंत कळलं नाही.

तिसरा धडा रेड गारलँडचा. माइल्सच्या १९५६च्या पंचकात तो पियानोवर होता. त्या वर्षी मे आणि ऑक्टोबरमधल्या दोन बैठकींतून चार तबकड्या निघाल्या. उजवा हात चाल वाजवत असताना त्याचा डावा हात कॉर्ड टाकतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या नंतरच्या अर्ध्यावर. म्हणजे पुढच्या बारची कॉर्ड सम यायच्या अर्धी मात्रा आधीच येऊन बसते. तबलजी मंडळी ओळखतील, आपल्या अनाघातासारखंच. फरक इतकाच, की आपल्याकडे तो दाद घेण्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि हा माणूस त्यावर चालतो, आपण फुटपाथवरून चालावं तसा.

असे तुकडे दोन वर्षं गोळा केले. वहीत चाळीसेक झाले. दादांकडे जाऊन एकामागून एक वाजवले. ते म्हणाले, छान, पण हे कुणाला उद्देशून बोलतोयस? मला राग आला. घरी येऊन पुन्हा 'फ्रेडी फ्रीलोडर' लावलं आणि माझी चूक दिसली. मी फक्त पियानो उतरवून घेतला होता. ट्रम्पेटकडे मी आवाजाचा अडथळा म्हणून पाहत होतो! फोनवर एका बाजूचं बोलणं ऐकून लिहावं तशी माझी वही. मग प्रत्येक तुकड्याच्या वर ट्रम्पेटची ओळ लिहिली, ती तोंडाने म्हणायची आणि हाताने पियानोची जागा टाकायची. त्यानंतर कळलं, केली कॉर्ड टाकतो ती माइल्सचं वाक्य संपता संपता, होकार दिल्यासारखी. वाक्य लांबलं की तो वाट पाहतो. चाळीसपैकी पंचवीस तुकडे मी खोडले. ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहेत हेच मला सांगता येईना.

थोडं विषयांतर करतो, कारण आपण कोलकात्यात बसलोय. टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये गाजला, मग युद्धाच्या काळात इथे चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवत होता, आणि १९४५ साली याच शहरात कॉलऱ्याने गेला. मुंबईत गोव्याचे वादक हे संगीत आपल्या सिनेमात घेऊन गेले. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आपण लहानपणापासून ऐकतोय, फक्त नाव माहीत नव्हतं. तेव्हा हे परक्याचं वेड आहे असं कुणी समजू नये.

आता शेवटची जागा. तिच्यात पियानो नाहीच. २४ डिसेंबर १९५४ची बैठक, वादन 'बॅग्ज ग्रूव्ह', पियानोवर थेलोनियस मंक. माइल्सच्या सांगण्यावरून त्याच्या सोलोमागे मंक वाजवत नाही. बास आणि ड्रम तेवढे चालू. दादांनी मला ही रेकॉर्ड दिली ती दोन वर्षांपूर्वी, इस्पितळातून घरी आल्यावर.

त्यांच्या फुफ्फुसांचं दुखणं आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पूर्वी ते चार-चार बार एका दमात वाजवायचे. आता दीड बार झाला की थांबावं लागतं. पहिल्या रविवारी ते असे थांबले आणि माझ्यातला पेटीवाला धावून आला. प्रत्येक खंड मी भरून काढला, सुंदर भरला, माझ्या वहीतल्या उत्तमोत्तम जागा वापरून. मला वाटलं मी त्यांना सांभाळून घेतोय. त्यांनी वाद्य खाली ठेवलं नाही, पण वाजवून झाल्यावर म्हणाले, "तू भरलंस म्हणून सगळ्यांना कळलं की माझा दम संपला."

त्या आठवड्यात मी मंकची ती न वाजवलेली आवर्तनं मोजत बसलो. पुढच्या रविवारी दादा थांबले, तेव्हा मी हात मांडीवर ठेवले. बास नव्हता, ड्रम नव्हते, खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता. सहा मात्रा गेल्या. फार लांब असतात हो सहा मात्रा. मग त्यांनी तीन स्वर वाजवले, आणि त्यांच्या शेवटी मी एक कॉर्ड टाकली, नी रे ग ध. ते डोळे मिटून हसले.

वेळ झालीय, चिटणीस मला घड्याळ दाखवतायत. आरतीआधी पाच मिनिटं मी मागून घेतली आहेत. तिसऱ्या रांगेत दादा बसलेत, पायाशी वाद्याची पेटी आहे. आशुन, दादा.

(यानंतर काळी पाचमध्ये बारा बारची चार आवर्तनं वाजवली. तिसऱ्या आवर्तनात कीबोर्ड वाजला नाही.)